अल्मिरांताची तहान

माराकाइबो शहरात गाडी किती लांब असावी याचं एक साधं माप होतं. पुढचे दिवे चौकात पोचले तरी मागच्या दिव्यांना शेजारणीचा सावकाश निरोप घेता आला पाहिजे. नोलबेर्ता फेर्रेरची अल्मिरांता या मापात चोख बसायची. आकाशी रंग, सोफ्यासारख्या सीटा आणि नाव आरमाराच्या मुख्य जहाजाचं. तेल कंपनीच्या कुणा बड्या साहेबाने ती नवीकोरी आणली होती. बदली झाली तेव्हा त्याने ती नोलबेर्ताच्या नवऱ्याला, सिरोला, विकली. किल्ली देताना साहेब ढसाढसा रडला. बायकोला मागे ठेवून चालला होता, पण तिच्यासाठी डोळ्यांत टिपूस नव्हतं, असं सिरो मरेपर्यंत सांगत आला.

आतला गारवा तर विचारू नका. बाहेर डांबर वितळून चपला चिकटत, आणि अल्मिरांताच्या मागच्या सीटवर म्हाताऱ्या शिंकत. कोळीण एउकारिस मासळीची टोपली मुद्दाम पुढे पायाशी ठेवायची. उतरताना मासळीवरचे हिमकण फुंकून घालवावे लागत.

पाण्यापेक्षा पेट्रोल स्वस्त होतं तेव्हा अल्मिरांता किती पिते ते कुणी पाहिलं नाही. पुढे पेट्रोलच दिसेनासं झालं. पंपावरच्या रांगा इतक्या लांबल्या की रांगेत लग्नं जुळली आणि त्या लग्नांची पोरं रांगेतच रांगायला लागली. मग मात्र सगळ्यांच्या नजरा अल्मिरांताच्या टाकीकडे वळल्या.

सगळ्यात आधी वळली ती रिक्सियो ब्राचोची. पुल्गास बाजार ते तलावाकाठचं सांता रोसा, या वाटेवर सामायिक टॅक्सी चालवणाऱ्यांच्या संघटनेचा तो अध्यक्ष. संघटनेला सगळे नुसतं 'लाइन' म्हणत. लाइनचा रिवाज कडक होता. नाक्यावर गाड्या एकामागे एक लागायच्या. पहिली गाडी भरायची, म्हणजे ड्रायव्हरशेजारी दोघं आणि मागे तिघं, आणि मगच सुटायची. ती सुटेपर्यंत मागच्या कुणीही उतारूला हात लावायचा नाही. या रिवाजापायी सख्ख्या भावांनी बोलणं टाकलं होतं, पण रिवाज कुणी मोडला नव्हता. सिरो गेला, त्याच्यासाठीचा नऊ दिवसांचा जप संपला, आणि दुसऱ्या सकाळी नोलबेर्ता काळ्या कपड्यांत स्टिअरिंगमागे बसून लाइनमधल्या त्याच्या जागेवर हजर झाली. तेव्हापासून ती जागा तिची.

आता पेट्रोल लाइनला पिंपाने मिळायचं आणि सगळ्यांत वाटून घ्यावं लागायचं. रिक्सियोने बैठक बोलावली.

"दोन्या नोलबेर्ता, राग मानू नका," तो म्हणाला. "पण तुमची गाडी पेट्रोल पीत नाही, त्यात आंघोळ करते."

"स्वच्छ राहते बिचारी."

"हसण्यावारी नेऊ नका. येत्या सोमवारपर्यंत कमी पिणारी गाडी आणा. नाहीतर जागा दुसऱ्याला द्यावी लागेल."

"दुसऱ्याला म्हणजे कुणाला? नाव घ्या की. नवरीसारखे लाजता काय?"

सगळ्यांनी योर्विनकडे पाहिलं. योर्विन रिक्सियोचा जावई. तो आपल्या बुटांकडे पाहत होता.

नोलबेर्ताला कळत होतं की रिक्सियोचं म्हणणं अगदीच खोटं नाही. तिच्या एका फेरीत इतरांच्या दोन-तीन फेऱ्या बुडत होत्या. पण जागा गेली तर पुढचं ठरलेलं होतं. मुलगा चिलीत, सांतियागोला. दर रविवारी फोनवर एकच पालुपद: आई, इथे ये, गाडी विक, खिडकीत बसून डोंगरावरचा बर्फ बघ.

"खिडकीत ठेवायला मी काय कुंडी आहे?" असं म्हणून ती दर रविवारी फोन ठेवायची.

रिक्सियोने उदारपणा दाखवला. योर्विनने नवीच घेतलेली इवलीशी गाडी एक दिवस चालवून बघा म्हणाला. पसंत पडली तर तशीच एक मिळवून देतो. नोलबेर्ता हट्टी होती, पण अन्यायी नव्हती. दुसऱ्या सकाळी ती त्या गाडीत शिरली. शिरली म्हणजे गाडी अंगात घातली.

अल्मिरांताचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला होता, त्यामुळे पुढे दोघं ऐसपैस बसत. या गाडीचा गिअर नेमका दोन सीटांच्या मधे, आणि रिवाजाप्रमाणे तिथेच एउकारिस.

"एउकारिस, पाय उचल. तिसरा टाकायचाय."

"टाक बाई. पण हे माझ्या नवऱ्याला कळू देऊ नकोस."

"चौथा कुठे गेला?"

"माझ्या टोपलीखाली असेल. तिसऱ्यावरच ने."

खरी गंमत दारांची झाली. माराकाइबोत पिढ्यान् पिढ्या लोकांनी लोखंडी, किल्ल्यासारखी दारं लावली. इथलं माणूस दार हाताने लावत नाही, कमरेचा दणका देतं. सांता रोसाला एउकारिस उतरली, टोपली डोक्यावर घेतली आणि सवयीने दिला दणका. दार आधी आत गेलं, मग त्याने विचार बदलला, ते बाहेर आलं आणि रस्ता ओलांडून न्हाव्याच्या दुकानात आरशासमोर जाऊन उभं राहिलं. न्हाव्याने म्हणे त्याला बसायला सांगितलं. दुपारपर्यंत उरलेल्या दारांचीही तीच गत झाली, कारण उतारू सगळे त्याच शहरातले.

संध्याकाळी नोलबेर्ताने गाडी नाक्यावर परत आणली. दारं मागच्या सीटवर रचून.

"पेट्रोल खरंच कमी लागलं, रिक्सियो," ती म्हणाली. "निम्मा दिवस उभीच होती ना."

"सोमवार," रिक्सियो एवढंच म्हणाला. योर्विन आपली दारं मोजत बसला.

तिथून ती थेट भावाकडे गेली. नेक्तारियो सांता रोसाच्या पलीकडे, पाण्यात खांबांवर उभ्या असलेल्या घरात राहायचा. एके काळी त्याची कोळंबीची होडी होती. लाकूड कुजून होडी तलावाला मिळाली, पण तिचं इंजिन त्याने पाहुण्यासारखं पडवीत झाकून ठेवलं होतं.

"हे माझ्या गाडीत बसेल?" नोलबेर्ताने विचारलं.

"तुझ्या गाडीत होडीसुद्धा बसली असती, ताई."

"पितं किती?"

"चिमणीइतकं. आणि काय पाजतेस याची तक्रार नाही. डिझेल मिळेना तेव्हा मी याला तळणीचं तेल पाजलं, तर जास्तच खूश झालं. आवाजात गाणं आलं."

नोलबेर्ताने भावाकडे पाहिलं. मग पाण्यापलीकडे, शहराकडे पाहिलं. माराकाइबोत माणूस जन्मतो, डोळे उघडतो आणि काहीतरी तळायला घेतो. सकाळी केळ्याच्या गोड मांडोका, दुपारी मटणाचे पास्तेलितो, मध्ये भूक लागली तर हिरव्या केळ्याचे चपटे तळलेले पाताकोन. पुल्गास बाजारात तळणाऱ्या बायकांच्या कढयांतून रोज इतकं काळं तेल निघायचं की ते ओतायचं कुठे यावरून गटाराकाठी भांडणं व्हायची. पेट्रोलसाठी देश रांगेत उभा होता, आणि हे तेल लोक गटारात टाकत होते.

बायकांनी डबे भरभरून दिले. वर आशीर्वादही दिले.

जुनं इंजिन साखळीने वर उचललं तेव्हा नोलबेर्ता तलावाकडे तोंड करून उभी राहिली. सिरोने त्या इंजिनावर जेवढे हात फिरवले होते तेवढे तिच्या पाठीवरही फिरवले नव्हते.

"रड थोडी, ताई. इथे कोण बघतंय," नेक्तारियो म्हणाला.

"या इंजिनाच्या पिण्यापायी माझ्यावर रस्त्यावर यायची वेळ आली, आणि त्याच्यासाठी रडू? बोल्ट आवळ."

होडीचं इंजिन आत बसलं तेव्हा भोवती इतकी जागा उरली की नेक्तारियो आतच बसून जेवला. मासळीसाठीचं बर्फाचं यंत्र याच इंजिनावर चालायचं, तेव्हा पट्टा लावून गाडीचा गारवाही त्याने त्यालाच जोडला. मग किल्ली फिरवली. अल्मिरांता खाकरली, थरथरली आणि पुट-पुट-पुट करत सुटली. मागून पास्तेलितोचा असा खमंग वास सुटला की रस्त्याकडेची कुत्री उठून बसली. तलावावरच्या पेलिकनांना वाटलं, होडी निघाली, आता मासळी सांडणार. अख्खा थवा गाडीच्या वर तरंगत शहरात शिरला. शहराला सांभाळणाऱ्या चिनिता आईची शपथ, हे पाहिलेली माणसं अजून हयात आहेत.

सोमवारी नोलबेर्ता नाक्यावर पोचली तेव्हा तिच्या जागेवर, लाइनच्या डोक्याशी, योर्विनची गाडी होती. दारं तारेने बांधलेली.

"तुम्हाला कमी पिणारी गाडी हवी होती," ती रिक्सियोला म्हणाली. "ही घ्या. तुमच्या पिंपातला थेंबही नको मला."

रिक्सियोने नाक दाबलं. तोंडाला पाणी सुटलं होतं ते लपवायला असेल. "ही गाडी नाही, होडी आहे. तिला वास येतो, आवाज येतो, डोक्यावर पक्षी उडतायत. लाइनची काही इभ्रत आहे का नाही? जागा दिली योर्विनला. संपलं."

"ठीक. रस्ता तर तुमच्या जावयाचा नाही ना? मी मागे उभी राहते."

"उभ्या राहा. पण उतारू घ्यायचा नाही. लाइनमध्ये नाही तुम्ही."

"नाही घेणार," नोलबेर्ता म्हणाली. अल्मिरांता तिने सगळ्यांच्या मागे लावली आणि काचा खाली केल्या. थंड हवा फुटपाथवर सांडायला लागली.

बाजार भरला. उतारू जमले. योर्विन तार सोडून दार धरून उभा राहिला. एउकारिस आली, दाराकडे पाहिलं, आणि टोपली खाली ठेवून तिच्याशेजारी बसली.

"चला मावशी, बसा," योर्विन म्हणाला.

"थांबते मी. अल्मिरांताने जाईन."

"ती लाइनमध्ये नाही."

"मग मीही नाही."

तिच्यामागचा माणूसही थांबला. त्याच्यामागची बाईही. सगळे थंड हवेच्या बाजूला सरकले. तळणाऱ्या बायका तिथेच टोपल्या घेऊन आल्या, कारण तो वास नाकात गेल्यावर खाल्ल्याशिवाय कुणाला राहवेना. नाक्याची जत्रा झाली, आणि योर्विनची गाडी रिकामी.

आता पहिली गाडी भरत नाही तोवर मागची हलणार कशी? मागे लाइन लांबत गेली, वळली, वळून पुन्हा नाक्यावर आली. ड्रायव्हर तापले.

"रिक्सियो, पहिलीला बाजूला घे."

"रिवाज आहे," रिक्सियो म्हणाला. याच रिवाजापायी गेल्या वर्षी त्याने स्वतःच्या मेहुण्याला लाइनमधून काढलं होतं. आज जावयासाठी तो मोडला असता तर रात्री बायकोने भाकरीचा तुकडाही दिला नसता.

"मग भर ती."

"कशाने भरू?"

"तू बस. अध्यक्ष ना तू?"

रिक्सियो बसला. सोबत लाइनच्या शेपटीतले चार ड्रायव्हर कोंबले. रिक्सियोचे गुडघे कानाला लागले, गिअर कुठे होता ते त्याने पुढे कधीच कुणाला सांगितलं नाही. गाडी सुटली, घाईतले उतारू मागच्या गाड्यांत बसले आणि लाइन वाहायला लागली. पण योर्विनची पाळी पुन्हा आली की पुन्हा तोच पेच, पुन्हा अध्यक्ष आत. आणि प्रत्येक फेरीला मागून पुट-पुट करत रिकामी अल्मिरांता. रस्त्यात लोक हात करायचे, नोलबेर्ता मान हलवायची. "नाही घेता येत. मी लाइनमध्ये नाही."

दुपार उतरता उतरता सांता रोसाच्या टोकाला चारही ड्रायव्हर उतरले आणि म्हणाले, आता मेलो तरी यात बसणार नाही. योर्विनच्या गाडीनेही तिथेच मान टाकली. वाकलेला रिक्सियो सरळ व्हायची वाट बघत भिंतीला टेकला. समोर अल्मिरांता. खिडकीतून येणारा गारवा त्याच्या घामेजल्या मानेला लागत होता.

"नोलबेर्ता," तो म्हणाला. मानाचं 'दोन्या' कुठेतरी गळून पडलं होतं. "नाक्यापर्यंत सोड."

"उतारू घेता येत नाही मला."

"बरं बाई. आहेस लाइनमध्ये. झालं?"

"इथे? या खांबासमोर? इथे कोण ऐकतंय? नाक्यावर म्हण, सगळ्यांसमोर."

"नाक्यावर जाऊ कसा?"

"चालत. तुझ्या पायांना पेट्रोल लागत नाही."

रिक्सियोने उन्हाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. ती गाडी बंद करायला तयार नव्हती आणि दार उघडायलाही. शेवटी तो चालायला लागला. नोलबेर्ता त्याच्या बाजूने, त्याच्याच चालीने, पुट-पुट करत निघाली. काचा मात्र तिने पूर्ण खाली ठेवल्या. माणूस मेला असता तर जागेचं कोण बोललं असतं?

नाक्यावर पोचला तेव्हा रिक्सियो पास्तेलितोसारखा तळून निघाला होता. त्याने घसा साफ केला.

"सिरोची जागा नोलबेर्ताची. गाडी हीच. तेल कुठलंही."

"मोठ्याने," नोलबेर्ता खिडकीतून म्हणाली. "इंजिनाचा आवाज आहे."

त्याने मोठ्याने सांगितलं.

"सिरोची नाही," ती म्हणाली. "माझी जागा. तसं सांग."

तळणाऱ्या बायकांनी झारे थांबवले. रिक्सियो बाजाराच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असं ओरडला, "नोलबेर्ताची जागा."

योर्विनची गाडी सांता रोसालाच पडून होती, त्यामुळे लाइनच्या डोक्याशी मोकळी जागा होती. नोलबेर्ताने अल्मिरांता तिथे नेऊन लावली, आणि सकाळपासून थांबलेल्या एउकारिससाठी आतून दार उघडलं.