कुत्र्याचं शेपूट

मोरुतींनी मुलीचं नाव विचारलं, तेव्हा मा-खाउहेलोने खरं तेच सांगितलं. मोसेलान्चा.

मोरुती पेरोशे, परदेशातून आलेले पाद्री, आठ वर्षं या डोंगरांत उपदेश करत फिरत होते आणि भाषा इथल्या माणसासारखी बोलत होते. त्यांना अर्थ विचारावा लागला नाही. त्यांनी टाक खाली ठेवला.

"कुत्र्याचं शेपूट," ते म्हणाले. "बाई, हे मी देवाच्या वहीत लिहू?"

भिंतीला टेकून बसलेल्या बायका हसल्या. म्हातारी मा-फोको म्हणाली, "लिहा की मोरुती. शेपूट असलं म्हणजे देवालाही धरायला सोपं जाईल."

मोरुतीही हसले. माणूस वाईट नव्हता. दोन वर्षांतून एकदा का होईना, बायको-मुलीला घेऊन, घोड्यावर चार दिवसांची चढण चढून तो या गावी येत असे. पण असलं नाव तो लिहिणार नव्हता. त्याने थोडा विचार केला आणि त्याला एकदम सोपा मार्ग दिसला. तुझं नाव मा-खाउहेलो, म्हणजे खाउहेलोची आई, म्हणाला; मग मुलगी खाउहेलोच की. दया. याहून चांगलं नाव कोणतं? उद्या सकाळी बाप्तिस्म्याला तिला त्याच नावाने घेऊन ये.

बायकांचं हसणं थांबलं. मोरुतींना वाटलं, नाव सगळ्यांना आवडलं.

त्यांना कोणी सांगितलं नाही. सांगणार तरी कसं? सून पहिल्यांदा उंबरा ओलांडते त्या दिवशीच सासू तिला न झालेल्या मुलाची आई म्हणून हाक मारते, आणि मग मूल होतं त्याला ते नाव मिळतं. मा-खाउहेलोला ते मूल झालंही होतं. अकरा महिने जगलं. त्यानंतरचा तेबोहो दोन वर्षं, आणि लिनेओ एकोणीस दिवस. तिघांनाही आधीच्या म्हाताऱ्या मोरुतींनी पाणी शिंपडून सुंदर सुंदर नावं दिली होती. म्हणून चौथीच्या वेळी सासूने असं नाव शोधलं, की मरणाने ते ऐकून नाक मुरडावं आणि पुढच्या दाराला जावं. मोसेलान्चाला आता सहावं लागलं होतं.

तरीही मा-खाउहेलो तिला घेऊन मोरुतींसमोर बसली होती, कारण मोखेलेचं पत्र आलं होतं. तिचा नवरा मोखेले सोन्याच्या खाणीत होता. छातीत दगडाची भुकटी साठली म्हणून त्याला आता घरी धाडत होते. पत्र दवाखान्यातल्या कुणीतरी लिहून दिलं होतं, पण शब्द त्याचेच होते. आपली तिघं तिकडे आहेत, लिहिलं होतं; मीही जातोय. शेपूट एकटं बाहेर राहिलं तर आम्ही तिला ओळखायचं कसं? मी यायच्या आत तिचा बाप्तिस्मा करून घे. एवढं कर.

दुपारी मोरुतींची बायको मा-खाउहेलोच्या घरी आली. बरोबर त्यांची मुलगी ओदिल होती. ती येताक्षणी मोसेलान्चाच्या मातीच्या बैलांपाशी बसली, आणि मोसेलान्चा, मोसेलान्चा करत तिला बैलांची नावं विचारू लागली. तिच्या तोंडी ते नाव अगदी सहज बसलं होतं.

मा-खाउहेलोने पाहुणीला आंबट दूध दिलं. बाईची भाषा नवऱ्यासारखी नव्हती. शब्द एकेक करून, चाळणीतून पडावेत तसे यायचे. मघाशी सगळ्या गप्प का झाल्या, तिने विचारलं. तिने विचारलं म्हणून मा-खाउहेलोने सांगितलं. तिन्ही नावं आणि तिघांचे दिवस.

बाईने दुधाचं भांडं न पिताच खाली ठेवलं. मग म्हणाली, नावाने मुलं मरत नाहीत. ओढ्याचं पाणी, खोकला, तापाचा किडा, यांनी मरतात. मागच्या खेपेला मी पाणी उकळायला सांगितलं होतं ना?

"उकळते ना," मा-खाउहेलो म्हणाली. "रोज उकळते. आणि रोज शेपूट म्हणूनही हाक मारते. दोहोंतल्या कशाने ती जगली ते मला माहीत नाही, बाई. आणि ते कळावं म्हणून त्यातलं एक बंद करून बघणार नाही."

बाई मुलींकडे बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "तुम्ही सगळ्या मला मा-ओदिल म्हणता."

"मग काय म्हणायचं?"

"ओदिल दुसरी. पहिला सामुएल. आम्ही इथे यायच्या आधीच गेला, चार दिवसांच्या तापाने. मी आले तेव्हा कडेवर ओदिल होती, तुम्ही तिच्यावरून नाव ठेवलंत. मी काही बोलले नाही. तुझ्या गेलेल्या लेकीचं नाव तुला दिवसातून दहादा ऐकू येतं. त्याचं कोणीच घेत नाही. मोरुतीसुद्धा नाही."

मा-खाउहेलोला काय वाटलं ते तिला नीट सांगता आलं नसतं. दिवसातून दहादा ऐकण्यात काय असतं, हे या बाईला सांगावं असंही वाटलं, आणि सांगू नये असंही. तिने नुसतं दुधाचं भांडं तिच्या हाताजवळ सरकवलं.

"प्या, मा-सामुएल," ती म्हणाली.

बाईने मान खाली घालून भांडं रिकामं केलं.

संध्याकाळी पाहुण्यांच्या झोपडीतून दोघांचे त्यांच्या भाषेतले आवाज येत राहिले. आधी बाईचा, मग बराच वेळ मोरुतींचा. सकाळी बाप्तिस्म्याची माणसं गावाच्या टोकाच्या खडकाकडे निघाली, तेव्हा बाई वाटेत उभी होती. मेलेल्या बाळाचं नाव आता मोरुती सुचवणार नाहीत, तिने सांगितलं. त्याचं त्यांना वाईट वाटलंय. दुसरं कुठलंही चांगलं नाव चालेल. पण शेपूट नाही.

"चांगलं नाव मी देणार नाही," मा-खाउहेलो म्हणाली.

"माहीत आहे."

"मग मोखेलेला काय सांगू?"

बाईने मागे वळून पाहिलं. मोरुती पाण्याचं भांडं पुसत होते. "झालं म्हणून सांग," ती म्हणाली. "आमच्याकडून त्याला कोणी काही कळवणार नाही. मी बघते."

मोरुतींच्या बायकोला हे बोलताना किती जड गेलं असेल, ते मा-खाउहेलोला तिच्या ओठांवरून दिसलं. ती मुलीचा हात धरून घरी परतली. मागून गाण्याचा आवाज आला तेव्हा तिने दार लावून घेतलं.

मोखेले हिवाळ्याच्या तोंडावर आला. खिंडीत बर्फ पडलं होतं आणि दोन माणसांनी त्याला घोड्यावर धरून आणलं. चार वर्षांपूर्वी गेला तो माणूस आता इतका वाळला होता, की त्याला गुंडाळून घोंगडी उरत होती. त्याला चुलीजवळ निजवलं. पेज दोन घोट गेली, मग खोकला आला, मग थांबला.

"झालं का ते?" त्याने विचारलं.

"झालं."

त्याने डोळे मिटले. त्याच्या कपाळावरची शीर हळूहळू सैल झाली. इतकं स्वस्थ तोंड तिने त्याचं लग्नातही पाहिलं नव्हतं, आणि बाईने दिलेलं खोटं आपल्याला पेललं, असं तिला वाटलं.

"नाव काय ठेवलं?"

हे तिने ठरवलंच नव्हतं. झालं म्हणून सांगायचं, एवढंच बाईने सांगितलं होतं. महिनाभर ती तेवढंच घोकत होती. तो वाट बघत होता. तिने सुचेल ते नाव शोधलं, आणि मोरुतींनी एकदा मोठ्याने उच्चारलेलं तेवढंच तिच्या जिभेवर होतं.

"खाउहेलो," ती म्हणाली.

तो हसला. त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. परत दिली म्हणायची देवाने, असं काहीतरी पुटपुटला. मग मान वळवून दाराशी खेळणाऱ्या मुलीकडे बघत त्याने हाक मारली, खाउहेलो.

मुलीने वर पाहिलं नाही. त्याने पुन्हा हाक मारली. आवाज फार वर जात नव्हता.

"लाजते," मा-खाउहेलो म्हणाली. "विसरली असेल तुम्हाला."

ती उठून दाराशी गेली आणि मुलीजवळ खाली बसली. मुलीने तिच्याकडे बघून विचारलं, "आई, खाउहेलो कोण?"

चुलीपाशी तो पुन्हा खोकू लागला होता. मा-खाउहेलोने मुलीच्या हातातला मातीचा बैल काढून घेतला आणि तिला उभं केलं.

"तू," ती म्हणाली. "जा, बाबा बोलावतायत."