सलूनमध्ये सापडलेली मूळ संख्या

"बाकी शून्य म्हणजे चांगलं की वाईट?" मायलिसनं फोनवर विचारलं. मागे केस वाळवायचं यंत्र घोंघावत होतं.

गुनवोरनं तिला तो आकडा पुन्हा वाचायला लावला. "या चाचणीत शून्य म्हणजे मूळ संख्या. पण यंत्रंही चुकतात. इतक्यात कुणाला सांगत सुटू नकोस."

आपला आवाज किती कोरडा झालाय, हे तिचं तिलाच जाणवलं. गुनवोर स्वीडनमधल्या हेर्नोसांदच्या शाळेत गणित शिकवायची. दोनाला दोननं गुणत जायचं, शेवटी एक वजा करायचा आणि उरलेल्या त्या अवाढव्य संख्येला दुसरी कुठली संख्या भागते का, हे एका ठरावीक चाचणीनं तपासायचं; चाचणीच्या शेवटी शून्य उरलं, तरच ती मूळ. जगभरचे हौशी लोक आपापल्या संगणकांवर हा शोध घेत, आणि ती त्यांच्यात तरुणपणापासून होती. तिची प्रत्येक संख्या आजवर नापास झाली होती. धाकट्या बहिणीला, मायलिसला, यात काडीचा रस नव्हता. गेल्या हिवाळ्यात तिच्या सलूनमध्ये नवा संगणक आला, तेव्हा गुनवोरनंच त्यावर तो प्रोग्रॅम घातला आणि स्वतःच्या वाट्याची एक संख्या तिकडे ढकलली. तीच ही.

पडताळणी वेगळ्या यंत्रांवर करावी लागते. या शोधाच्या संयोजकांनी ती तीन जुन्या सभासदांना सांगितली. त्यांत गुनवोर होती. आजवर ज्या ओढीनं ती शून्याची वाट पाहायची, त्याच ओढीनं आता शून्य सोडून काहीही येण्याची वाट पाहू लागली. मायलिसचे फोन तिनं घेतले नाहीत.

शून्यच आलं. तिनं तसं कळवलं आणि कोट चढवून सलून गाठलं.

"खरी आहे ती," ती दारातूनच म्हणाली.

मायलिसनं हातातली कात्री खाली ठेवली. "मग तुझंच नाव देऊ या. मला तर ती वाचतासुद्धा येत नाही."

"कुणालाच येत नाही. ज्याचा संगणक, त्याचं नाव. नियम आहे तसा."

"नियम गेला खड्ड्यात. ती संख्या मला दिलीस तर तूच ना?"

"दिली, कारण माझी यंत्रं दुसऱ्या संख्यांत गुंतली होती." गुनवोर रिकाम्या खुर्चीवर बसली. "नापास व्हावी असं वाटत होतं मला, मायलिस."

"ठाऊक आहे. फोन उचलत नव्हतीस ना." मायलिस तिच्यासाठी कॉफी ओतू लागली. "मीही जळले असते."

दोन दिवसांनी वर्तमानपत्राचा छायाचित्रकार आला. त्यानं मायलिसला संगणकाशेजारी उभं केलं. तिनं हाक मारली, "गुनवोर, तूही ये की." गुनवोरनं नकारार्थी मान हलवली. सलूनमध्ये उजेड कमी होता. छायाचित्रकारानं इकडेतिकडे पाहिलं आणि दिवा गुनवोरच्या हाती दिला. "जरा वर धरता? तुम्ही चित्रात येणार नाही असं."

तिनं तो उंच धरला. मायलिसच्या चेहऱ्यावर सावली पडत होती, म्हणून हात आणखी थोडा वर नेला आणि काम होईपर्यंत तसाच ठेवला.