हीट पंपाची मागची बाजू

सापगावच्या साईनाथने छपरावर सोलर पॅनल लावले, ओटीच्या भिंतीवर बॅटरीची पेटी टांगली आणि मागच्या पडवीत पाणी तापवायचा हीट पंप बसवला, तेव्हापासून त्याच्याशी साधं बोलायची सोय राहिली नव्हती. कुणी “बरा हायेस ना?” विचारलं, तरी तो मोबाइल काढून बॅटरी किती भरली ते दाखवायचा. माणसं बघायची, मान हलवायची आणि पुढच्या वेळी दुसऱ्या आळीनं जायची.

त्याचा खरा डोळा मात्र मुरबाडवर होता. तिथं त्याचे सासरे धाऊमामा नवं घर बांधत होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी सासरवाडीत त्याचं मत चहात साखर किती घालायची एवढ्यापुरतंच घेतलं जायचं. हे सगळं त्या घरात त्याच्या सल्ल्यानं बसलं, की मेहुण्यांच्या रांगेत त्याची खुर्ची पुढं सरकणार होती. पण मामांनी अट घातली होती. “ऐन मे महिन्यात येऊन बघतो. लाइट गेली आन् रात्रीचं जेवण होईस्तवर तुमचा पंखा फिरला, तर बोलू. नायतर माझ्या घरात वायरीचा विषय काढायचा नाय.”

मामा आले. नळाखाली हात धरून म्हणाले, “तापलंय. पण धूर नाय म्हंजे चव नाय.”

“मामा, हे मशीन हवेतली उष्णता ओढून पाण्यात घालतं. म्हणून मागनं गार हवा येते.”

“याची टोपी त्याला. आमचा ठेकेदार पण हेच करतो.”

दुपारची जेवणं आटपली आणि कुठंतरी तारेवर फांदी पडून गावाची लाइट गेली. गावाच्या अडचणीनं इतका हरखलेला माणूस निवडणुकीच्या दिवसांतच बघायला मिळतो. साईनाथ मामांना पंखा दाखवायला धावला, तर मामा ओटीवर नव्हते. तेवढ्यात उन्हावर ढग आले. मोबाइलवर बघतो, तर बॅटरी भरायची सोडून उतरायला लागलेली. त्यानं फ्रिज बंद केला. टीव्ही बंद केला. बायकोच्या, अनिताच्या, मिक्सरची पिनही उपटली. बॅटरी उतरतच होती. मग त्याला मागून घरघर ऐकू आली.

पडवीत मशीनच्या गार वाऱ्यापुढं आळीतल्या बायका चिंचा फोडत बसल्या होत्या. कुंपणभर ओल्या गोधड्या. गरम पाण्याचा नळ सोडलेला, त्याखाली टोपात आणखी एक गोधडी. आणि सगळ्यांत मोक्याच्या जागी, खाटेवर, धाऊमामा घोरत होते.

“आये, नळ कशाला सोडलास?” साईनाथने दबक्या आवाजात विचारलं.

त्याची आई हौसा गोधडी चोळत म्हणाली, “गरम पाणी काढल्याबिगर मशीन चालत नाय. मशीन चालल्याबिगर वारं येत नाय. तूच तर समद्यांना सांगत फिरतोस.”

“अगो, पण बॅटरी?”

“मंग पाणी फुकट सांडू? पावसाच्या आधी गोधड्या धुवायच्याच असत्यात. लाइट गेली, बायका उकडल्या, इथं आल्या. गार बसल्या आन् गोधड्याबी झाल्या.”

हौसाचा हिशेब चोख होता. आळीतल्या बुधीच्या गोधड्यांच्या बदल्यात आंबोशी आली होती. कमळाबाईनं भाताच्या लावणीला हात लावायचं कबूल केलं होतं. साईनाथची सबसिडी अजून वाटेतच होती आणि हौसाची वसुली सुरूही झाली होती.

सासरा झोपलेला, त्यामुळं ओरडायचीही चोरी. साईनाथ आत गेला आणि त्यानं हीट पंपाचा खटका पाडला. घरघर थांबली. चिंचांवरचे हात थांबले. धाऊमामा घाम पुसत उठले.

“पडलं का बंद?”

“पडलं नाय मामा, मी केलं. रात्रीच्या पंख्याला बॅटरी राखायला.”

“पडलं काय आन् केलं काय, घाम सारखाच येतो.”

“बरं चाललं होतं हो,” कमळाबाई म्हणाली. “गरिबाचं बघवत नाय कुणाला.”

खटका वर केला तर रात्री पंखा जाणार. खाली ठेवला तर सासरा आताच हातचा जाणार. साईनाथने पंखा धरला. अट पंख्याची होती.

रात्री सगळी आळी अंधारात पुठ्ठ्यानं वारा घेत होती आणि साईनाथच्या ओटीवर पंखा फिरत होता. मामांनी हात धुतले, वर बघितलं.

“फिरला. छपरावरचं आन् ही पेटी, दोन्ही घालू.”

साईनाथ ताठ बसला. “आणि हीट पंप मागच्या पडवीत बसवू. जागा मी बघून ठेवलीय.”

“मागं नाय. पुढं ओटीवर. माझ्या खाटेच्या पायथ्याशी.”

“मामा, ते पाणी तापवायचं मशीन आहे.”

“तापवू द्या की. पाण्याचं काय करायचं ते विहीणबाई सांगतील.” मामा हौसाकडं वळले. “पुढल्या आठवड्यात या तुमी. नळ कुठं काढायचा, बायका कुठं बसवायच्या, समदं तुमीच दाखवा.”

“येते की. आळी केवढी हाय तुमची?” हौसानं विचारलं. तिला गोधड्यांचा अंदाज घ्यायचा होता.

“मीही येतो मामा,” साईनाथ म्हणाला.

“तुमाला तर आलंच पायजे, जावईबापू. विहीणबाईंना गाडीवरनं आणणार कोण?”