अर्धा आवाज

"घरच्या आधणाचीच गोष्ट," धाकटी पाहुण्यांना सांगत होती. "युरेनियमचा अणू फुटतो, शेजारच्याला फोडतो, उष्णता निघते. पाण्याची वाफ होते, वाफेवर चाक फिरतं, वीज तयार. चूल आहे, धूर मात्र..."

धूर मात्र.

अणुवीज केंद्राच्या माहितीदालनात तिचं वाक्य तिथेच अडलं, कारण एका पाहुण्याच्या मोबाइलमधून तिचाच आवाज येत होता: 'कचरा हजारो वर्षं धोक्याचा राहणार. कायमचा कुठे ठेवायचा, ते अजून ठरलेलंच नाही.'

बोलली होती ती हे. परवा, ताईच्या स्वयंपाकघरात, भांडी विसळताना. ताई केंद्राविरुद्धच्या आंदोलनात पुढे. पण घरात ती फक्त ताई.

पुढेही बोलली होती: 'तरी कोळशाच्या धुरापेक्षा मी हेच पत्करेन. हा कचरा निदान कोंडून तरी ठेवता येतो.'

मोबाइलवर ते गायब.

केंद्राचे साहेब म्हणाले, "आवाज तुमचा नाही, एवढं कॅमेऱ्यासमोर सांगा. विषय संपला."

"पण माझाच आहे, सर. फक्त अर्धा आहे."

"मग उद्यापासून येऊ नका."

(रस्त्यानं चालताना तोंड आपोआप चालूच: मंडळी, इकडे बघा. या नियंत्रक कांड्या आत सोडल्या की अणू फुटायचे थांबतात. पण आतली धग लगेच जात नाही. केंद्र बंद झालं तरी पाणी खेळवत राहावं लागतं. नाहीतर, मंडळी, नाहीतर.)

ताईनं हसतच दार उघडलं. "या, हिरॉइन! गावभर तुझंच नाव."

"नोकरी गेली माझी."

"अगं बाई!" ताई मटकन बसली. मग हळूच, "पण मी खोटं काय घातलं त्यात?"

"घातलं नाहीस. कापलंस."

"पुढचं तर त्यांच्या भिंतीभिंतीवर रंगवलेलं आहे! आमच्या उपयोगाचं तेवढंच होतं."

"मी तुझ्याशी बोलत होते, ताई. आंदोलनाशी नाही."

धाकटीनं ताईचा मोबाइल तिच्यापुढे सरकवला.

"पूर्ण लाव. साहेबांना ऐकवते."

"पुसलं मी ते."

"कधी?"

"लगेच. पुन्हा ऐकलं असतं, तर पाठवायला हात धजला नसता."

"म्हणजे पटलं होतं तुला."

ताईनं मोबाइल पालथा ठेवला.