वेल्डाचे चार सेकंद

ऑरिन टॅकेटला नवी दुर्बीण हवी होती ती एवढ्याचसाठी, की हजार यार्डांवर आपण मारलेली गोळी निशाणाच्या पोलादी पाटीला लागली की नाही, हे आपलं आपल्याला दिसावं. दुसऱ्या कुणी सांगायला नको. सांगणारा म्हटला की तो मागे स्टुलावर बसणार, आणि ते स्टूल वेल्डाचं होतं. त्यावर दुसरं कुणी टेकलेलं ऑरिनला खपणार नव्हतं, मग तो प्रत्यक्ष देवदूत का असेना.

वेल्डा म्हणजे त्याची बायको. जानेवारीत गेली. एकेचाळीस वर्षांचा संसार, आणि त्यातली तीस वर्षं दर शनिवारी ती त्याच्या मागे बसून तिवईवरच्या दुर्बिणीतून बघायची आणि सांगायची. लागली. गेली. जमिनीवर पालथा पडलेला नेमबाज स्वतः काय बघणार? घोडा दाबला की रायफल उसळते, तिच्यावरच्या दुर्बिणीतलं चित्र उडतं, आणि ते जागेवर येईपर्यंत तिकडे जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. म्हणून त्यांच्या क्लबात कार्डावर दोन नावं लिहायची रीत होती, एक मारणाऱ्याचं आणि एक सांगणाऱ्याचं. सांगणाऱ्याने मोठ्याने सांगितल्याशिवाय गोळी धरत नसत. पंच मागे उभा राहून आपल्या दुर्बिणीतून पडताळा बघायचा, बस. दोन्ही जागी एकच नाव लिहायला बंदी नव्हती. आजवर कुणी लिहिलं नव्हतं, इतकंच.

सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी क्लबची मोठी मॅच असायची. त्याची मुलगी लोर्ना डेन्व्हरहून दर रविवारी फोन करायची. "बाबा, त्या माळावर एकटा काय करतोस? रायफल विकून टाक आणि इकडे ये. तुझी खोली तयार आहे." ऑरिनला अर्धं ऐकू यायचं, अर्ध्यासाठी तो फोन कंपनीला शिव्या घालायचा. "मॅच होऊ दे, मग सांगतो," म्हणायचा. मनाशी त्याने ठरवून टाकलं होतं. आपल्या गोळ्या आपल्याला दिसल्या तर वायोमिंगमध्येच राहायचं. नाही दिसल्या तर रायफल विकायची, घराला कुलूप घालायचं आणि डेन्व्हरला जाऊन लेकीच्या घरात पाहुण्यासारखं जगायचं. बहात्तराव्या वर्षी माणसाला एवढी एकच गोष्ट हातात उरलेली असावी, हे काही बरं नव्हे. पण उरली होती खरी.

बर्फ वितळल्यावर त्याने वेल्डाची दुर्बीण कोठारातून काढली. लग्नाच्या पंचविसाव्या वर्षी त्यानेच दिलेली. डोळा लावला, तर आत नुसतं दूध. काही म्हणजे काही दिसेना. थंडीत पडून राहिली, काचा गेल्या, असं म्हणून त्याने ती पेटीत परत ठेवली आणि कॅटलॉगमधली सगळ्यांत मोठी दुर्बीण मागवली. साठ पट मोठं दाखवणारी. ऑरिनचा स्वभावच तसा. करायचं तर दणक्यात, आणि विचारायचं कुणालाच नाही.

जुलैतल्या एका दुपारी तो ती घेऊन माळावर गेला. तीनशे यार्डांवरच्या पाटीच्या साखळीची कडीन् कडी दिसली, तेव्हा गडी खूश झाला. मग हजारावरच्या पाटीकडे वळवली, आणि तिथे पातेल्यात लापशी रटरटावी तसं काहीतरी पांढरं रटरटत होतं. पाटी कुठली आणि हवा कुठली, पत्ता लागेना. तरी त्याने हट्टाने दहा गोळ्या मारल्या. एकही लागलेली दिसली नाही, आणि गेलेलीही दिसली नाही. शेवटी ट्रक काढून तो पार पाटीपर्यंत गेला. पाटीवर गोळ्यांचे करडे डाग होते, तेवीस की चोवीस. त्यातले आजचे कुठले? आधी पाटी पांढऱ्या रंगाने रंगवून घ्यायची असते, आणि ते काम वेल्डा करायची. तो साफ विसरला होता.

तो तिथे बराच वेळ उभा राहिला. हजार यार्डांवर त्याची रायफल गवतात पडलेली होती, रिकामं स्टूल ठिपक्याएवढं दिसत होतं, आणि दोन्हींच्या मध्ये चिटपाखरू नव्हतं. इतकं एकटं त्याला दफनाच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दोन्ही दुर्बिणी घेऊन तो डार्लीनकडे गेला. गावात बंदुका, गळ आणि बूट विकणारं तिचं दुकान, आणि मागच्या टेबलावर ती दुर्बिणी दुरुस्त करायची. वेल्डाची शाळेपासूनची मैत्रीण. जीभ तिखट, पण हात सोन्याचे.

"हे काय आणलंस?" साठ पटीचं ते धूड बघून ती म्हणाली. "चंद्रावरनं कुणी यायचंय का?"

"हजार यार्डांवरची पाटी बघायला घेतली."

"मग दिसली?"

"दिसली असती तर तुझ्या दारात आलो असतो का?"

"अरे शहाण्या, दुर्बीण काय एकट्या पाटीला मोठं करते? मधली हजार यार्डांची तापलेली हवापण साठ पट करून दाखवते ती. भर उन्हात तुला उकळीच दिसणार." तिने कपाटातून एक मध्यम आकाराची दुर्बीण काढली आणि त्याला मागच्या अंगणात नेलं. "ही बघ. वीसवर ठेव. फार तर पंचवीस. त्याच्या पुढे गेलास तर माझ्याकडे रडत यायचं नाही."

रेल्वेच्या पलीकडे धान्याचं उंच कोठार होतं. वीसवर ते लहान दिसत होतं, पण स्थिर. शिडी दिसली, शिडीवरचं कबुतर दिसलं, कबुतराने मान फिरवलेलीसुद्धा दिसली. ऑरिनने काचेवरून डोळा काढलाच नाही. डार्लीनला तेवढं पुरलं.

"आणि बघायची काच तिरपी वळलेली आहे, ती मुद्दाम," ती म्हणाली. "तिवई बुटकी कर, डाव्या कानाशी लाव. गोळी सुटली की अंग हलवायचं नाही, नुसतं डोकं वळवायचं. तुझी गोळी पोचायला दीड सेकंद लागतो. तेवढ्यात डोळा काचेला लागला पाहिजे."

"दीड? वेल्डाला सांगायला चार-चार लागायचे."

तो सहज बोलून गेला. हे त्यांचं जुनंच भांडण होतं. पूर्वी वेल्डा चटकन सांगायची, आणि सगळं सांगायची. उजवीकडे, चार बोटं खाली. पुढे पुढे तिला उशीर व्हायला लागला आणि बोलणंही आटलं. "मध्यावर" किंवा "कडेला" किंवा "गेली." कुठे गेली विचारलं तर म्हणायची, धूळ दिसली नाही. तो चिडून म्हणायचा, "बघतेस की झोपतेस?" त्यावर तिचं उत्तर ठरलेलं. "थांब जरा. बघू दे."

आत येऊन त्याने जुनी दुर्बीण टेबलावर ठेवली. "ही बदल्यात घे. थंडीने काचा गेल्यात."

डार्लीनने तिला हात लावला नाही. "थंडीने?"

"कोठारात होती ना."

"हलवून बघ."

ऑरिनने हलवली. "काय?"

"कानाशी धरून हलव."

त्याने कानाशी धरून हलवली. "बरं. मग?"

डार्लीन त्याच्याकडे बघतच राहिली. "आतला लोलक फुटलाय, ऑरिन. तुकडे खुळखुळतायत. मला इथे उभं राहून ऐकू येतंय."

ऑरिनने दुर्बीण खाली ठेवली.

"वेल्डा घेऊन आली होती ही माझ्याकडे," डार्लीन म्हणाली. "सात वर्षं झाली. जूनमध्ये. मी म्हटलं, ही आता होत नाही, नवी घे. तर म्हणाली, नको. नवी घेतली की त्याला कळेल आपल्या लाथेनं काय झालं, आणि मग तो वर्षभर स्वतःला खात बसेल. मला शपथ घातली होती. आता ती नाही, म्हणून सांगते."

तो जून ऑरिनला आठवत होता. दहापैकी नऊ गोळ्या हुकल्या होत्या, आणि त्याने संतापाने उठून तिवईला लाथ घातली होती. दुर्बीण दगडावर आपटली. मग ओशाळून त्याने विचारलं होतं, ठीक आहे ना? वेल्डाने डोळा लावून बघितलं आणि म्हणाली, काही झालं नाही. त्या दिवसापासून तिने त्याला दुर्बिणीला हात लावू दिला नाही. माझ्या डोळ्याला लावलीय, तू फिरवून ठेवशील, म्हणायची.

"खोटं आहे," तो म्हणाला. "गेल्या सप्टेंबरात तिने वीसपैकी सतरा सांगितल्या. पंचाच्या कार्डावरही सतराच."

"मग बरोबर सांगितल्या."

"दिसतच नव्हतं, तर सांगितल्या कशा?"

"तुला पाटीचा आवाज येतो का?" डार्लीनने विचारलं.

"हजार यार्डांवरून? त्या नवीन पाट्या बसवल्यापासून आवाज कुठे राहिलाय? हलकं पोलाद घेतलं क्लबने. कुणालाच येत नाही."

"सगळ्यांना येतो, ऑरिन."

ती हे मुद्दाम मोठ्याने बोलली, आणि त्याला नीट ऐकू आलं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, तसं झालं होतं त्याचं. सगळं त्याच्या समोर घडत होतं. गोळी सुटली की वेल्डा डाव्या कानावरचं, धमाका अडवणारं टोपण उचलायची. कान जातील तुझे, ठेव ते जागेवर, म्हणून तो खेकसायचा. ती प्रत्येक गोळीला उचलायची. गोळी जायला दीड सेकंद, आवाज परत यायला तीनेक. म्हणून चार. मध्यावर लागली की पाटी खोल वाजते, कडेला लागली की चिरकते. म्हणून मध्यावर आणि कडेला. सात वर्षं ही बाई फुटक्या काचेला डोळा लावून, समोर नुसतं दूध बघत बसली होती, आणि आपण तिला झोपाळू म्हणत होतो. ऑरिनला इतकी लाज वाटली की वर बघवेना.

"कानांचं तरी सांगायचं तिने," तो कसाबसा म्हणाला.

"दोनदा सांगितलं. तू काय म्हणालास, आठवतंय?"

आठवत होतं. माझे कान ठणठणीत आहेत, तूच पुटपुटतेस, असं म्हणाला होता. तिसऱ्यांदा तिने सांगितलं नाही.

डार्लीनची मध्यम दुर्बीण त्याने घेतली, साठ पटीची तिच्याकडे टाकली, आणि फुटकी पेटीत घालून घरी नेली. पुढच्या आठवड्यात कॅस्पर शहरात जाऊन कानांत ऐकायची मशीनं बसवून घेतली. बैल गेला आणि झोपा केला, पण केला एकदाचा. घरी आल्यावर त्याला फ्रीज ऐकू आला, जिन्याची तिसरी पायरी ऐकू आली, स्वतःच्या बुटांचा आवाज ऐकू आला. दुसरं काहीच नाही. घर रिकामं आहे हे आजवर त्याला दिसत होतं, आता ऐकूही यायला लागलं. दोन दिवस त्याने मशीनं काढून ठेवली. तिसऱ्या दिवशी परत घातली.

मॅचच्या सकाळी वारा पडलेला होता. पाट्या नुकत्याच रंगवलेल्या. पंच होता क्लीव्ह, पन्नाशीचा, बोलका माणूस. कार्ड भरताना त्याने विचारलं, "सांगणारा कोण?"

"मीच."

क्लीव्हने रिकाम्या स्टुलाकडे बघितलं. ऑरिनने सवयीने ते आणून मागे मांडलं होतं. "आमची पोरगी बसेल हवं तर. नजर चांगली आहे तिची."

"नको. लिही मीच म्हणून."

तो पालथा पडला. तिवई डाव्या कानाशी, दुर्बीण वीसवर. श्वास सोडला, घोडा दाबला, डोकं वळवलं. आणि दिसलं. पांढऱ्या पाटीवर, मधोमध, करडा डाग उमटला. इतका स्वच्छ, की शंकेला जागा नव्हती. डेन्व्हरचा प्रश्न तिथल्या तिथे मिटला. आता कुणाची गरज नव्हती. त्याने तोंड उघडलं, आणि सांगितलं मात्र नाही. काचेवरून डोळा काढला, डाव्या कानावरचं टोपण उचललं आणि डोळे मिटून घेतले.

"दिसलं ना?" मागून क्लीव्ह म्हणाला. "मग सांगा की, काका. बघताय की झोपलाय?"

"थांब जरा," ऑरिन मिटल्या डोळ्यांनी म्हणाला. "बघू दे."

मग तिकडून आवाज आला, बारीक पण खोल. दर शनिवारी तिने एकटीने ऐकलेला. त्याने तो संपेपर्यंत ऐकला.

"लागली," तो म्हणाला. "मध्यावर."