माझ्या मिशीचा मालक

मी एक फोटो बोलतोय. पुठ्ठ्यावर चिकटवलेला, गणवेशातला, छाती काढून उभा असलेला. मिशी बघितलीत? नीट बघा. सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

युद्ध पेटलं तेव्हा रवाना होण्याआधी जो तो घरच्यांसाठी फोटो काढून घ्यायचा. आमचा फोटोवाला गप्पिष्ट, धंद्याला पक्का. माझ्यातला शिपाई कोवळा, ओठावर लवसुद्धा नाही. फोटोवाल्याने मला वाळवलं आणि बारीक कुंचल्याने त्याला झुबकेदार मिशी काढली.

"अहो, मला कुठे मिशी आहे?" पोरगा म्हणाला.

"लढाईवर निघालास ना? आईला धीर वाटायला नको? मिशी आपल्याकडून भेट!"

आई मला बघून म्हणाली, "हा कोण पाहुणा?" रडता रडता हसली आणि तिने मला उशाशी ठेवलं.

पोरगा धडधाकट परत आला. पुन्हा फोटो काढू म्हटलं की म्हणायचा, "खरी मिशी येऊ दे, मग." ती काही आयुष्यभर आली नाही!

पुढे त्याच्या भावाने त्याची लष्करी पेटी माझ्यासकट अभिलेखागारात, म्हणजे जुने कागद-फोटो जपून ठेवतात तिथे, देऊन टाकली. तोवर वाळवीने पुठ्ठ्याची कड खाल्ली होती, फोटोवाल्याच्या दुकानाच्या नावासकट.

मध्यंतरी त्याची मुलगी आली. आता स्वतःच आजी. "बाबांचा दुसरा फोटो नाही हो घरात. मोठी प्रत द्या, नातवंडांना पणजोबा दिसू देत."

"बघा हवं तेवढा वेळ," अभिलेखपाल बाई म्हणाल्या, "पण प्रत नाही देता येणार. हक्क फोटो काढणाऱ्याचा, तो नसेल तर वारसांचा. आणि काढला कोणी, तेच माहीत नाही."

"म्हणजे माझा बाप माझा नाही?"

"बाप तुमचाच, ताई. फोटो नाही."

दोघी हसल्या, पण ताईंचे डोळे भरून आले. मला डोळ्यांशी धरून त्या पुटपुटल्या, "त्यात ही परकी मिशी! फोटोवाल्याने रंगवलेली."

बाई खुर्चीतून उठल्याच. "थांबा, ही मिशी मी पाहिलीय!"

भराभर खोकी उघडली. टेबलावर आचारी, गाडीवान, बिगुलवाला, सगळे ओळीने मांडले. सगळ्यांना तीच मिशी, उजवं टोक जरा वर! एकाचा पुठ्ठा धड होता. त्यावर दुकानाचं नाव.

दुकान अजून चालू. बाईंनी निरोप धाडला, तशी फोटोवाल्याची नात आली आणि खो खो हसत सुटली. "आजोबांचाच हात! आजी म्हणायची, स्वतःला टक्कल, आणि जगाला केस वाटत फिरतात. द्या हो, सगळ्यांच्या प्रती द्या. फक्त खाली आजोबांचं नाव घाला. दुकानाचं पण घाला, जमलं तर!"

आता इथे रोज कुणाचं ना कुणाचं घरचं माणूस प्रत न्यायला येतं. तुम्हालाही सांगतो, घरातल्या फोटोंच्या मागे फोटो कोणाचा एवढंच लिहू नका, काढला कोणी तेही लिहा.

ताईंची प्रत तयार झाली तेव्हा बाईंनी विचारलं, "गुंडाळून देऊ?"

"छे! बाबांना उभेच घरी नेते."