आवाजाची मालकीण

लोकांच्या प्रतिक्रिया वाचायच्या, ही माझी नोकरी. बिश्केकमधल्या एका बातम्यांच्या साइटवर तंत्रज्ञानाच्या पानाखाली लोक जे काही खरडतात ते आधी माझ्यासमोर येतं. मी हो म्हटलं तर जगाला दिसतं, नाही म्हटलं तर कुणालाच नाही. अमेरिकेत एखाद्या कंपनीनं दहा हजार माणसं घरी बसवली की आमच्याकडचा कुणीतरी लिहितो, बरं झालं, या आता आमच्याकडे मेंढ्या राखायला. नवा फोन आला की लिहितात, फोनचं राहू द्या, आमच्या गल्लीत दिवे कधी लागणार ते सांगा. अकरा वर्षं हे वाचते आहे. मी एकटीच राहते, आणि दिवसभरात माझ्या वाट्याला जे बोलणं येतं ते बहुतेक असंच, कुणीतरी तिसऱ्याला उद्देशून लिहिलेलं. लहानपणी घरात आम्ही नऊ माणसं जेवायला बसायचो, म्हणून कधीकधी फार जड जातं.

मार्चमध्ये शहरातल्या एका टॅक्सी कंपनीनं जाहीर केलं की फोन घेणाऱ्या बायकांना रजा दिली आहे, यापुढे एआय बोलेल. आवाज मात्र त्यांनी जुनाच ठेवला. वीस वर्षं जी ऊलकान नावाची बाई फोन घेत होती, तिच्या साठवलेल्या बोलण्यावरूनच यंत्राचा आवाज बनवला होता. शहरात तो आवाज ठाऊक नाही असा माणूस सापडायचा नाही. पत्ता लिहून झाला की ती 'अक जोल' म्हणायची, वाट उजळ असो. ऐकणारे सवयीनं 'ओमिन' म्हणून तोंडावरून हात फिरवायचे. आता तेच 'अक जोल' यंत्र म्हणायला लागलं आणि लोक बिथरले.

पहिले दोन दिवस नुसती भांडणं. एकानं लिहिलं, आशीर्वाद द्यायला दोन हात उघडावे लागतात, या डबड्याला हात कुठे आहेत? त्यावर दुसरा, तुझ्या सासऱ्याला चांगले दोन हात आहेत, त्यानं तरी कुठे दिला? तिसऱ्या दिवशी कुणीतरी विचारलं, ती बाई हल्ली असते कुठे? आणि ज्याला काडीचं ठाऊक नव्हतं अशा एका शहाण्यानं उत्तर दिलं, वारली म्हणे.

झालं. आमच्याकडे कुणी गेल्याचं कानावर आलं की खरं का खोटं ते विचारत बसणं शोभत नाही. आधी दोन शब्द बोलायचे असतात. लोक एकामागून एक लिहायला लागले, तिची माती रेशमाची होवो. संध्याकाळपर्यंत तीन हजार झाले. एकानं लिहिलं, बायकोला कळा सुरू झाल्या तेव्हा गाडी दारात येईपर्यंत हिनं फोन ठेवला नव्हता. एकानं लिहिलं, मी पिऊन फोन केला तर मला चांगलं झापलं आणि मग गाडी पाठवली. मी हो म्हणत गेले. डोळ्यांना धारा लागल्या होत्या, खोटं कशाला सांगू.

त्या गर्दीत एक आली: 'मी जिवंत आहे. ऊलकान.' मी ती पुसून टाकली. मेलेल्या माणसाच्या नावानं थट्टा करणारे नग असतातच. पुन्हा आली, पुन्हा पुसली. तिसऱ्यांदा खाली अख्खा पत्ता होता, आठवा मायक्रोरायन ही वसाहत, इमारत, मजला, दार, आणि शेवटी लिहिलं होतं, 'जो कोणी हे पुसतो आहे त्यानं येऊन बघून जावं. चहा ठेवते.'

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत गेले. दाराआडून 'कोण आहे?' एवढं ऐकू आलं. तोच आवाज. दार उघडलं तर समोर गुडघ्याला लोकरीची पट्टी बांधलेली, माझ्या खांद्याला लागेल एवढीशी म्हातारी. आत टेबलावर पाव, जर्दाळूचा मुरांबा, किटली, सगळं मांडून ठेवलेलं. मी माफी मागितली आणि सांगितलं, अपा, संध्याकाळपर्यंत साइटवर दुरुस्ती टाकते.

"दुरुस्ती नको, कीझिम," त्या म्हणाल्या. आमच्याकडे वडीलधारी बाई कुणाच्याही लेकीला 'माझ्या मुली' अशीच हाक मारते, आणि आम्ही तिला अपा म्हणतो. "काल मला घाई झाली होती. रात्रभर विचार केला. राहू दे असंच थोडे दिवस."

मग त्यांनी सांगितलं. त्यांचा एकुलता एक मुलगा, उलार, मॉस्कोत एका कारखान्यात आहे. सहा वर्षांपूर्वी तो एका बाईला घेऊन दारात आला होता. नवऱ्यानं सोडलेली, कडेवर एक पोर. आईनं आशीर्वाद द्यावा एवढंच त्याचं म्हणणं. साऱ्या शहराला वाट उजळ असो म्हणणाऱ्या या बाईनं तेव्हा हात मांडीवरून उचलले नाहीत. तो तिला घेऊन उलट्या पावली गेला, फोनचा नंबरही बदलला. नवा नंबर नारिन गावच्या मामाला तेवढा दिला होता, आईला देऊ नको अशी शपथ घालून.

"तुमची साइट तिकडची आपली सगळी पोरं वाचतात," अपा म्हणाल्या. "आवाज कुणाचा ते त्याला सांगायला नको. आईच्या मातीला मुलगा येतोच. नुसता दारात उभा राहू दे, मग हव्या तेवढ्या शिव्या घालू दे. मी हात उघडून बसेन."

आणि त्यानं आधी फोन केला तर, असं मी विचारलं. मेलेल्याला कोण फोन करतं, म्हणाल्या. मी गप्प बसायचं कबूल केलं.

पुढचे चार दिवस मी रोज सुट्टीत तिकडेच गेले. अपा नाकावर चष्मा चढवून फोनवर स्वतःबद्दलचे शोक वाचायच्या, मधूनच 'हा बघ, हा सहाव्या मायक्रोरायनचा, नेहमी चुकीचा पत्ता द्यायचा' असं ओळख काढून सांगायच्या. माझ्या ताटात वाढताना, सकाळी काही खाल्लं होतंस का, म्हणून विचारायच्या. हे मला कुणी शेवटचं कधी विचारलं होतं ते आठवेना. एक दिवस त्या तशा वाचत बसलेल्या असताना मी त्यांचा फोटो काढला, उगाच, माझ्यासाठी.

पाचव्या दिवशी सकाळी प्रतिक्रिया आली: 'ही माझी आई. मला कुणी कळवलं नाही. मामाला विचारलं तर म्हणतो, जरा बरं नाही तिला, तू ये. उद्याच्या विमानानं येतो आहे. अजून माती दिली नसेल तर मी आल्याशिवाय देऊ नका. उलार.'

मामाला बिचाऱ्याला काहीच ठाऊक नसणार. पण दूरच्या माणसाला मृत्यू फोनवर सांगायचा नाही ही आमची रीत. जरा बरं नाही, ये, एवढंच म्हणायचं, आणि ऐकणाऱ्यानं ओळखायचं. पोरगा फोनवर रडतोय म्हटल्यावर मामाच्या तोंडून सवयीनं तेच निघालं असेल. माझ्या आईच्या वेळी मलाही तसंच सांगितलं होतं. तेव्हा मी दूर ओश शहरात होते. बारा तासांच्या रस्त्यात सोबतचे लोक माझ्याकडे बघत नव्हते, आणि घरी पोचेपर्यंत आईला माती दिलेली होती. ते बारा तास मी शत्रूलाही देणार नाही.

त्यामुळे मला राहवलं नाही. शब्द दिलेला विसरले नव्हते, तरी मी उलारला परस्पर लिहिलं: तुमच्या आई जिवंत आहेत, धडधाकट आहेत, पण तुम्ही या. त्याचं लगेच उत्तर, 'ताई, तुम्हीही तेच सांगा. सगळे हेच सांगतात.' बरोबर होतं त्याचं. आमच्याकडे जिवंत आहे म्हणून कुणी कळवळून सांगायला लागलं की माणूस गेलंच समजावं. अपांचा आवाज पाठवून तरी काय उपयोग, तो तर आता यंत्राकडेही आहे. मग मी तो फोटो पाठवला: चष्मा नाकावर, हातात फोन, आणि फोनवर त्यांच्याच नावाचा शोक, अक्षरं वाचता येतील इतका जवळून.

अर्ध्या तासानं उत्तर आलं:

'अल्लाची कृपा. जीव भांड्यात पडला. मग आता तिकीट परत करतो. इथे सुट्टी फक्त मौतीची देतात. उन्हाळ्यात बघू. मी लिहिलं होतं हे तिला सांगू नका.'

मी तीन वेळा लिहिलं, या हो, त्या वाट बघताहेत, त्या हात उघडून बसल्या आहेत. तिन्ही वेळा त्यानं वाचलं. उत्तर दिलं नाही.

अपांकडे गेले तेव्हा दार उघडंच होतं. नारिनहून भावाचा फोन येऊन गेला होता. बहिणीचा आवाज ऐकून आधी तो घाबरला, मग रडला, मग म्हणाला, पोरगा येतोय. अपांनी डोक्याला पांढरा रुमाल बांधला होता, परातीत बोर्सोकच्या छोट्या पुऱ्या तळायचं पीठ फुगत होतं, खिडक्यांचे पडदे धुवून ओलेच टांगले होते. बस, म्हणाल्या, पीठ लाटायला मदत कर. मी बसले नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं, त्यानं सांगू नका म्हटलेलंसुद्धा. एका घरात दोन खोट्या गोष्टी वागवायची माझी ताकद नव्हती.

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी हाताचं पीठ झटकलं आणि विचारलं, तो रडत होता का? मी म्हटलं, लिहिण्यावरून तरी तसं वाटलं. त्यांनी मान हलवली. मग खुर्चीवर बसल्या, रुमालाची गाठ सोडली, रुमालाची घडी घातली, आणि म्हणाल्या, टाक आता तुझी ती दुरुस्ती. मी तिथेच उभी राहून फोनवरून टाकली. त्या बघत होत्या, माझ्याकडे नाही, परातीकडे.

"एकच दिवस थांबायचं होतंस, कीझिम," त्या म्हणाल्या. "एकदा विमानात बसला असता, तर मधूनच कसा उतरला असता?"